कपाळावरचा उजेड

मंगळवार, ता. ११ जुलै १९४४. सातारा

सांगलीहून सामान आले. पाचशे वॅटचे बल्ब दोन — रु. २६. बल्बांवर बसवायचे पत्र्याचे टोप दोन, आतून पांढरे रंगवलेले — रु. ७. लाकडी स्टँड दोन — रु. ५. वायर वीस वार, होल्डर, खटका — रु. ९-८. फोटोच्या काचेच्या प्लेटी, नव्या जातीच्या, एक डझन — रु. ११. रेल्वे सातारा रोडपर्यंत, पुढे मोटार, हमाली — रु. २-१२. एकूण एकसष्ट रुपये चार आणे. एकही बल्ब फुटला नाही! माझा भाऊ नानासो सांगलीत विजेच्या सामानाच्या दुकानात आहे. त्याने भाताच्या तुसात पुरून पाठवले होते. तूस शेजारच्या म्हशीखाली टाकले.

आमचे हे दुपारभर धुसफुसत होते. यांचे मन त्या आर्क दिव्यात अडकले आहे. सांगलीची एक नाटक कंपनी मोडली, तिचा आर्क विकायला आहे. दोन कोळशाच्या कांड्या, मध्ये विजेचा जाळ, उजेड म्हणे उन्हासारखा पांढरा. किंमत शंभर! शिवाय सारखी फुसफुस, धूर, आणि घडीघडीला कांडी पुढे सरकवा.

मी म्हटले, "शुक्रवारच्या बायकांसाठी दिवा घ्यायचा आहे ना? फोटो मी काढते, दिवाही मी निवडणार."

"निवड. मी स्टुडिओ बावीस वर्षं चालवला तो काय बिनउजेडाचा?"

बावीस वर्षे छपराच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर चालवला. भादव्यापर्यंत ऊन कुठले? आणि लष्करातल्यांच्या घरच्या बायका पुरुष माणसासमोर बसत नाहीत. दोन वर्षे झाली, त्यांचे फोटो शुक्रवारी मी काढते. देवीचा वार, पडदा ओढून, हे बाहेर. तेव्हा निवड माझी. झाली ती झाली.


शुक्रवार, १४ जुलै

सहा जणी आल्या. दिवे झकास. भर दुपारी अंधारलेल्या खोलीत चेहरे असे उजळले की माझे मलाच हसू आले.

सहावी चंद्राबाई, रहिमतपूरजवळच्या वाडीची. नवरा मानसिंग पलटणीबरोबर इटलीत. पोर मोठी गोड. दिव्यासमोर बसल्या बसल्या म्हणते, "वैनी, चुलीम्होरं भाकरी भाजाय बसल्यावानी वाटतंय की वं!"

"हसू नको, हलशील."

"हसू नगं म्हनलं की जास्तच येतंय!"

मेणावर रुपयाएवढे कुंकू लावून आली होती. तिची सासू हरणाबाई बाहेर पायरीवरच बसली. मागच्या लढाईत नवरा गेलेला, तेव्हापासून विधवा. आत या म्हटले तर म्हणाली, "सवाशिनींचं काम. मी हितंच बरी."

नव्या प्लेटींना लाल कंदीलही चालत नाही. मिट्ट काळोखात औषधात बुडवायच्या. घड्याळ दिसत नाही, म्हणून जपाची माळ घेऊन आत गेले. एकशे आठ वेळा यमाईचे नाव, की प्लेट बाहेर. देवीचे नाव फुकट जात नाही, आणि घड्याळाला चकाकता काटा बसवायचा खर्च वाचला.


शनिवार, १५ जुलै

मानसिंगची प्रत टपालात टाकली. पत्ता इंग्रजीत मीच लिहिला. मॅट्रिक झाल्याचा एवढा तरी उपयोग. टपाल निघायची घाई, प्रत वाळते ना वाळते तोच पाकिटात. डोळे छान आलेत तिचे. दुसरी प्रत वाडीला पाठवली.


शुक्रवार, २८ जुलै

आजचा दिवस लिहायचा नव्हता. पण लिहिते.

सकाळी दहाला पायरीवरून हाक. "आवं फोटूवाल्या बाई, भायेर या!"

हरणाबाई. हातात तो फोटो. मागे चंद्राबाई, पदर तोंडावर. रस्त्यावर चार माणसे उभी राहिली.

"माजा ल्योक जित्ता हाय! कुनी सांगितलं हिला कपाळ पुसाय? बगा, डोळं हायती न्हवं तुमाला? बगा!"

मी पाहिले. फोटोत चंद्राबाईच्या कपाळावर काहीही नव्हते. डोळे, नथ, डोरल्याचा मणी न् मणी दिसतोय, आणि कपाळ कोरे. असला फोटो मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात पत्ता घालून, तिच्या नवऱ्याला लढाईवर पाठवला.

मला कसे दिसले नाही? त्या दिवशी मी डोळे पाहिले, हनुवटी पाहिली. सवाष्णीच्या कपाळावर कुंकू असतेच, म्हणून तिकडे पाहिलेच नाही.

तेवढ्यात हे बाहेर आले. "मावशी, दिव्यांची लई ऊब असते. घामानं पुसलं असंल तिचं."

हरणाबाई सुनेकडे वळली. "म्हंजी पुसलं हुतं. आन् तशीच बसलीस. त्यो तिकडं तोफंच्या तोंडी, आन् तू मोकळ्या कपाळानं त्येला तोंड दावलंस!"

चंद्राबाईने पदर खाली केला आणि माझ्याकडे पाहिले. फक्त माझ्याकडे. तिने पुसले नव्हते. मी पाहिले होते ते कुंकू, रुपयाएवढे.

माझे तोंड उघडले नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही.


शनिवार, २९ जुलै

सहाही प्लेटी उजेडाकडे धरून पाहिल्या. सहाही कपाळे कोरी! सहा जणींना एकाच दिवशी घाम आला?

यांच्यापुढे ठेवल्या. बराच वेळ पाहून म्हणाले, "नव्या प्लेटीला लाल रंग फार दिसतो. त्यात बल्बचा उजेड मुळात तांबूस. कुंकू आणि कातडी एकाच रंगाची उमटली, मिसळून गेली. जुन्या प्लेटींवर कुंकू काळंभोर यायचं, पण लढाईपायी त्या मिळेनात. आर्कच्या पांढऱ्या उजेडात ह्या प्लेटींवरही उमटलं असतं."

"म्हणजे दिव्याचा दोष."

"दिव्याचा."

"दिवा निवडला मी. मग माझा दोष. चंद्राबाईचा नाही. काल घाम का म्हणालात?"

"मग काय म्हणू? आमच्या स्टुडिओत सवाशिणीचं कुंकू जातं म्हणू? शिपायांच्या घरची एक बाई पुन्हा पायरी चढणार नाही!"

"न चढू दे."

"आणि खायचं काय?"

"खरं बोलून जे मिळेल ते."

यांनी ब्रश काढला. सहाही प्रतींवर कपाळावर ठिपका देतो, कोणाला कळायचे नाही म्हणाले. मी ब्रश काढून घेतला. ठिपका दिला म्हणजे कुंकू नव्हते, मागून चिकटवले, असेच ठरणार. चंद्राबाईवरचा ठपका त्या ठिपक्याने पक्का होईल.

रागावून निजले. मीही.


मंगळवार, १ ऑगस्ट

वाडीची धोंडुबाई दही घेऊन आली. म्हणाली, चंद्राबाईला तिच्या माहेरी, कुंडलला, धाडली. "मानसिंगाचं पत्र येईस्तवर आनायची न्हाई म्हनं. आन् पत्राच्या जागी तार आली तर मंग कवाच न्हाई."

तार आली तर! म्हणजे त्याला गोळी लागली तर ती माझ्या दिव्यामुळे नव्हे, जर्मनाच्या बंदुकीमुळे नव्हे — हिने कपाळ पुसले म्हणून! जन्मभर हेच ऐकायचे त्या पोरीने.

देवापुढे बसले. यमाईला सांगितले, चंद्राबाई सासरच्या उंबऱ्याच्या आत जाईपर्यंत गोड खाणार नाही. आणि आई, हेही सांगते — तू मखरात बसून नुसती बघू नको. माझ्या बाजूने उभी राहा.


शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज पडदा ओढला नाही. बाकीच्या पाचही जणींच्या घरी जाऊन आले. प्रत्येकीला सांगितले — तुमचे कुंकू होते, माझ्या दिव्याने खाल्ले, पैसे परत घ्या. तिघींनी घेतले. एकीने दार लावले. पलीकडच्या शालूबाई म्हणाल्या, "आमचे हे तर ओसरीवर घोरतायत, मला कसली भीती! पण फोटो चुलीत घातला हं मी, राग मानू नका." वर दोन्ही हातांनी पैसे घेतले.

हे जेवताना म्हणाले, "आता गावभर झालं."

"व्हायलाच हवं होतं."

"वाडीत कोण सांगणार? हरणाबाईपुढं उभं राहायची छाती आहे का?"

आहे. पण नुसत्या शब्दावर ती ऐकायची नाही. तिला दाखवावे लागेल.


रविवार, ६ ऑगस्ट

निळा पतंगी कागद बल्बापुढे लावून माझाच फोटो काढला. कुंकू किंचित उमटले. कागद पेटला. एका टोपाचा रंग गेला. दोन पैशांत शंभर रुपयांचे काम करू पाहते मी!


शनिवार, १२ ऑगस्ट. सांगली

आर्क घेतला.

हो, घेतला. नाही म्हणणारी मीच आणि घेणारीही मीच. निघताना हे म्हणाले, "एकटी जाणार?" मी म्हटले, "यमाई आहे." ती तिकीट काढत नाही एवढेच.

नाटक कंपनीचा व्यवस्थापक आता गुळाच्या अडत्याकडे कारकून आहे. त्याने वखारीत पोत्याआडून दिवा काढला. काळा, ओबडधोबड, एक पाय वाकडा. कांड्या जुळवल्या आणि — फस्स! सगळी वखार पांढरीफटक. गुळाच्या ढेपेवरचा मुंगळा न् मुंगळा दिसला.

"शंभराचे साठ केलेत, आक्का," नानासो म्हणाला. "तरी गिऱ्हाईक नाही. बायकांच्या फोटोला हा कोण घेणार? घाबरतील."

"घाबरू दे. कपाळ तरी शाबूत राहील. पन्नास."

"आक्का!"

"पाय वाकडा आहे. पन्नास."

व्यवस्थापक बावन्नावर आला. माझे दोन्ही बल्ब आणि टोप काम झाल्यावर नानासो परत घेणार आणि दुकानातून विकणार. मी म्हटले, "विक. पुन्हा मला त्यांचं तोंड बघायचं नाही."

यांना कार्ड टाकले — तुमचे बरोबर होते. एकच शब्द जास्त लिहिला: दिव्यापुरते.


रविवार, १३ ऑगस्ट. कुंडल

परतताना वाटेत उतरले. चंद्राबाई भावाच्या उसात भांगलत होती. मला बघून खुरपे टाकून बांधावर आली. कपाळावर कुंकू तसेच, रुपयाएवढे. उलट थोडे मोठेच.

मी पाया पडायला वाकले. तिने धरले. "आवं वैनी! काय करताय? थोरल्या तुमी!"

"चंद्राबाई, चूक माझी. त्या दिवशी बोलले नाही ही दुसरी चूक."

तिने उसाचे एक पान तोडून चुरगळले. मग म्हणाली, "सासूला नावं ठिऊ नगा. तिचं कपाळ आटराव्या वर्सी मोकळं झालं. सासरा बसऱ्याला पडला तवा मालक चार म्हयन्यांचं हुतं. तवापासनं तिला समदीकडं त्येच दिसतंय."

"मी तुझा नवा फोटो काढते. फुकट. त्यात उमटेल."

"मला फोटू नगं." एकदम ताठ झाली. "फोटूनं काय हुतंय? ह्या बारीला लावलं, म्हनत्याल. तुमी तिच्या तोंडावर येवडं म्हना — हिनं पुसलं न्हवतं. मला घरात घ्या म्हनून मी काय हात जोडायची न्हाई. पुसलं म्हनून माफी मागाय सांगत्यात. मागनार न्हाई! मेले तरी न्हाई!"

भाऊ म्हणत होता, माग की माफी, मिटवून टाक. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

गाडीत बसून माझ्या डोळ्यांना पाणी आले. बरे वाटले म्हणून. मी एकटी हट्टी नाही.


बुधवार, १६ ऑगस्ट. सातारा

धोंडुबाईबरोबर वाडीला निरोप पाठवला. ये म्हटले असते तर हरणाबाई आली नसती. म्हणून सांगितले — फोटोवाली म्हणते, तुझी सून खरी आहे. तिला खोटी ठरवायची असेल तर शुक्रवारी ये.

हे म्हणाले, "शुक्रवारी अमावास्या आहे."

"म्हणूनच. दुसरं कोणी येणार नाही."


शुक्रवार, १८ ऑगस्ट

हरणाबाई आली. पायरीवरच बसणार होती. मी हात धरून आत आणली. एका बाजूला माझे दोन बल्ब, एका बाजूला आर्क. मध्ये खुर्ची.

म्हटले, "मावशी, दोन्ही दिव्यांत मी बसते. माझ्या कपाळावर कुंकू आहे, बघा नीट. हे बटण दाबतील. मी जागची हलणार नाही. मग फोटो बघा."

"आन् काळ्या खोलीत जाऊन तूच पुसून येशील. मला काय दिसतंय?"

"तुम्ही आत चला माझ्याबरोबर."

"आदीच कमी लावलं असशील."

बरोबर होते तिचे. तिच्या जागी मीही हेच म्हटले असते. मग माझ्या तोंडातून निघून गेले. ठरवले नव्हते. मी कपाळ ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले — यांच्यादेखत! — आणि करंडा तिच्यापुढे धरला.

"तुम्ही लावा."

हरणाबाई दोन पावले मागे सरकली. "येडी का काय तू? माजा हात?"

"तुमचा."

"आगं मी रांडमुंड! सवाशिनीला माझ्या हातानं? आवसंला?"

"तुमच्या हाताने लावलं तरच तुमचा विश्वास बसेल. दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही."

"तुजं मालक हितं हुबं हायती!"

मी यांच्याकडे पाहिले. नको म्हणतील असे वाटले. म्हणाले असते तरी मी करंडा मागे घेणार नव्हते. पण हे खाली बघत कॅमेऱ्याचे काळे कापड नीट करत राहिले. मग हळूच म्हणाले, "मावशी, लावा. माझं काय वाकडं होत नाही."

एवढ्या वर्षांत यांच्या तोंडून याहून बरे वाक्य ऐकले नाही.

ती खुर्चीपाशी आली. बोट करंड्यात घातले आणि तसेच ठेवले. मी डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग कपाळावर बोट टेकले. आधी घाबरत, मग जोरात. गोल गोल फिरवले. मोठे, चांगले ठसठशीत. नाकावर सांडलेले पदराने टिपले, जशी आई टिपते.

"आता बस गप," म्हणाली.

बल्ब लावले. एक प्लेट. बल्ब बंद. आर्क पेटला — फस्स!

"आगं आई! दिवा न्हवं ह्यो, नाग हाय!" पण पळाली नाही. माझ्या कपाळावर डोळे रोखून उभी. दुसरी प्लेट.

काळोखात दोघी गेलो. हाताला हात दिसत नव्हता. मी माळ ओढत नाव घेऊ लागले. थोड्या वेळाने तिचा आवाज — "काय पुटपुटतीस?"

"जप. माळ संपली की प्लेट काढायची."

"देवाचं नाव घिऊन फोटू शिजवतीस व्हय!" आणि हसली. मग तीही माझ्याबरोबर नाव घेऊ लागली. माझ्यापेक्षा सावकाश. त्यामुळे प्लेटी जरा जास्त शिजल्या.

दुपारी तिच्यापुढे दोन्ही प्रती ठेवल्या. पहिली — माझे कपाळ कोरे. आपलेच तोंड तसे पाहून माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. दुसरी — गोल, ठळक, एका बाजूला किंचित सरकलेले, तिच्या बोटाने लागले तसेच.

तिने पहिल्या प्रतीवर अंगठा घासून पाहिला. वास घेतला. दुसरी पाहिली. पुन्हा पहिली.

"म्या लावलं हुतं," म्हणाली.

"हो."

"माज्या हातानं लावलेलं ह्येनं खाल्लं."

"हो. चंद्राबाईचंही असंच खाल्लं. तिने पुसलं नव्हतं, मावशी. चूक माझी. दिवा मी निवडला होता. आणि घामाची गोष्ट खोटी होती."

हे दारात उभे होते. "ती मी बोललो," म्हणाले.

ती उठली. दोन्ही प्रती पदरात बांधून निघाली. पायरीवर थांबून म्हणाली, "पैसं?"

"नाहीत."

"फुकटचं नगं मला." दहीभाकरीची फडक्यातली शिदोरी सोडून अख्खी पायरीवर ठेवली आणि गेली.


सोमवार, २१ ऑगस्ट

बल्ब, टोप सांगलीला परत केले. नव्या तुसात. जागा मोकळी झाली. सुटले.


शनिवार, २६ ऑगस्ट

आज गौरी बसल्या. धोंडुबाई सांगत आली — हरणाबाई परवा स्वतः कुंडलला गेली. बांधावर उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "चल गं. चूक माजी. गौर कोन आननार घरात?" चंद्राबाई लगेच निघाली नाही म्हणे. आधी उसाची ओळ पुरी केली!

पुरणपोळी खाल्ली. दोन. यमाईलाही जरा जास्त वाढली. उभी राहिली ती.


मंगळवार, ५ सप्टेंबर

माझ्या दोन्ही प्लेटींच्या मोठ्या प्रती काढून दारातल्या काचेच्या पेटीत टांगल्या. खाली लिहिले — एकच बाई, एकच कुंकू, दोन दिवे. आमच्याकडे आता दुसरा दिवा आहे.

हे म्हणाले, "बिनकुंकवाचा तुझा फोटो दुकानाच्या दारात? अगं, मी जिवंत आहे अजून!"

"आहात म्हणूनच टांगते."

शालूबाई येऊन गेल्या. "काय बाई तरी! लाज नाही वाटत?" मी म्हटले, "वाटत होती. टांगल्यावर गेली." जाताना विचारले, शुक्रवारी किती वाजता बसता?


शुक्रवार, ८ सप्टेंबर

चौघी आल्या. पाचवी चंद्राबाई. आर्क फुसफुसला तशी म्हणते, "वैनी, कुंकू येऊ द्या, पर भुवया जाळू नगा!" कुंकू उमटले. प्रत मानसिंगला पाठवली. या वेळी आधी कपाळ पाहिले, मग डोळे.


शुक्रवार, २२ सप्टेंबर

मानसिंगचे पत्र आले! तार नव्हे, पत्र. हरणाबाई माझ्याकडेच वाचायला घेऊन आली. पाकीट मीच फोडले. जुलैचा तो पहिला फोटो त्याला पोचला आहे. लिहितो — फोटो मिळाला, चंद्री रोड झाली, तिला दूध देत जा, म्हैस कोणाला विकू नका. कुंकवाबद्दल अवाक्षर नाही! तीन वेळा वाचले. नाही.

"त्येला दिसलंच न्हाई?" हरणाबाई म्हणाली.

"नाही, मावशी."

"मेल्याला म्हस दिसली!" दोघी हसलो, डोळे पुसत.

शेवटची ओळ वाचायची राहिली होती. "आईचा फोटो का नाही धाडला? तिचं तोंड आठवत बसतो."

तिने पत्र घेतले, घडी केली, आणि निघून गेली.


शुक्रवार, २९ सप्टेंबर

हरणाबाई आली. बरोबर चंद्राबाई. म्हणाली, "माजा बी काड. जल्मात काडला न्हाई. पर ह्या नागाम्होरं नगं. तुज्या पैल्या दिव्यात. चंद्रीला शेजारी बसव. तितं दोगींची कपाळं सारकी येत्याली."

चंद्राबाई मान डोलावून हो म्हणाली.

मी पडदा सारला. बाहेर पाहिले. पायरीवर वाडीच्या आणखी चौघी बसल्या होत्या. चौघींची कपाळे मोकळी. चौघींबरोबर त्यांच्या सुना, लेकी, जावा.

सगळ्यांना पुढचा शुक्रवार दिला. लगेच कार्ड लिहून टपालात टाकले. इथे उतरून ठेवते:

चि. नानासो यास आशीर्वाद. परत पाठवलेले दोन्ही बल्ब टोपांसह ताबडतोब पाठव. विकले असतील तर घेणाऱ्याकडून मागून आण, रुपया जास्त पडला तरी दे. तांबूस उजेडाचेच हवेत, दुसरे नकोत. उलट टपाली कळव.